विहिरीवरचा काळा दगड

शारजाच्या त्या साइटवर चौदा गवंडी होते आणि चौदांवर एक मुकादम, खैरुद्दीन. साल सदुसष्ट. दगडावर हातोडीची टिचकी मारून आत चीर आहे की नाही हे नुसत्या कानाने सांगणारा माणूस तेव्हा अख्ख्या शारजात दुसरा नव्हता. दुबईत असला तर असेल, पण मग तो दुबईवाल्यांनी आणून दाखवावा. शिक्षण सातवी पास, आणि सातवीसुद्धा पहिल्या फटक्यात. बाप लवकर वारला तेव्हा घरावर गवताचं छप्पर होतं. खैरुद्दीनने मुंबईला चुन्याच्या घमेल्यापासून सुरुवात केली, मग बोटीत बसून इकडे आला. घरावर मंगलोरी कौलं चढवली. धाकट्या मुनीरला शिकवून गावच्या शाळेत मास्तर केला. हे सगळं त्याने केलं, आणि केलेलं सांगायला तो लाजत नसे. माणसाने आपण केलेलं सांगायचं नाही, तर काय दुसऱ्याने केलेलं सांगायचं?

दुसऱ्याने केलेलं सांगायला गेला, तिथेच तो फसला. पण ते पुढे.

खोलीत सात माणसं राहायची, सगळी कोकणातली. त्यात हारुन म्हणून दाभोळ बाजूचा एक होता, साइटवर टाइमकीपर. मॅट्रिक झालेला, म्हणून सगळ्यांची इंग्रजी कागदपत्रं तोच वाचायचा, आणि जीभ म्हणाल तर कोयतीसारखी. जेवताना खैरुद्दीनच्या आजोबांची गोष्ट निघाली की तो म्हणायचा, "खैरुभाय, तुमच्या गावात सूर्यसुद्धा आजोबांनीच बसवला ना?"

"बसवलेला होता," खैरुद्दीन घास न थांबवता म्हणायचा. "वाकडा होता. आजोबांनी ओळंब्यात आणला."

सगळे हसायचे. मग गोष्ट फिरून फिरून विहिरीवरच्या दगडावर यायची. कारण घरावरची कौलं काय, आता गावात पाच जणांच्या घरांवर होती. पण असा धुण्याचा दगड पंचक्रोशीत नव्हता. काळाभोर, अखंड, अडीच हात लांब, दीड हात रुंद, आणि चारी कडा गोल घडवलेल्या. चादर आपटा, लुगडं आपटा, एक धागा उसवायचा नाही. बाकीच्यांच्या बायका जांभ्याच्या चिऱ्यावर धुतात, कपड्याची चाळण होते. "माझी मां चाळीस वर्षं पाषाणावर धुते," खैरुद्दीन म्हणायचा, आणि मांचं नाव हव्वाबी आहे हेसुद्धा अशा थाटात सांगायचा की जणू त्या दगडावर ते कोरलेलंच आहे.

"त्या दगडाला इथलं परमिट काढा," हारुन म्हणायचा. "आमचे पण कपडे धुवून घेऊ."

साइटचा इंजिनिअर होता गिलहूली साहेब. पन्नाशीचा, उन्हाने तोंड भाजून विटेसारखं लाल झालेलं. त्याला कोणी इंग्रज म्हटलं की तो चिडायचा. "इंग्लिश नहीं, आयरिश!" गवंड्यांना आधी फरक कळेना. मग खैरुद्दीननेच समजावलं, "आपल्याला कोणी घाटावरचा म्हटलं तर कसं वाटतं? तसंच ते." तेव्हापासून साहेब आपल्यातला वाटायला लागला.

या साहेबाच्या एका म्हाताऱ्या आत्याने तिकडे आयर्लंडला त्यांच्या आडनावाचं मंडळ काढलं होतं. जगात जिथे म्हणून गिलहूली असेल तिथे पत्र टाकायचं, कोणाचा पणजा कुठला ते विचारायचं, आणि तीन महिन्यांनी सायक्लोस्टाइल केलेलं एक पत्रक सगळ्यांना पाठवायचं. साहेब ते जेवणाच्या सुट्टीत वाचायचा. गवंड्यांना त्यात नवल वाटलं नाही. आपली जमात तरी दुसरं काय करते? लग्न ठरवायला बसले की आधी खापरपणजोबापर्यंत खणून काढतात.

मंडळापुढे एक गाठ होती, ती सुटत नव्हती. आयर्लंडात राहिलेले गिलहूली आणि अमेरिकेत गेलेले गिलहूली एकाच मुळाचे की नाहीत? अमेरिकावाले सांगायचे, आमच्या मूळपुरुषाचा सख्खा भाऊ थॉमस, कंपनी सरकारच्या फौजेत शिपाई म्हणून हिंदुस्थानात गेला आणि तिकडेच मेला. त्याच्या कबरीवर जर त्याचं जन्मगाव लिहिलेलं असेल तर सगळं जुळेल. आत्या ऐंशीच्या पुढे होती. तिला डोळे मिटायच्या आत तेवढं एक कळायला हवं होतं.

मे महिन्यातली गोष्ट. साहेब पत्रक घेऊन सावलीत आला आणि त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "यह दापूली. किधर है? तुम लोग बॉम्बे साइड का ना?"

"दापोली?" खैरुद्दीन उठूनच उभा राहिला. "साहेब, दापोली तो मेरा घर है!"

इथवर खरं होतं. त्याचं गाव दापोलीपासून चार मैलांवर. इथे थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती.

"उधर गोरा लोग का कबरस्तान है साहेब. मेरा दादा उसका सुपरिटेंडंट था."

साहेब एक पाऊल पुढे आला. "उसमें गिलहूली का कबर है?"

खैरुद्दीन त्या कबरस्तानात लहानपणी दोनदा गेला होता, करवंदं खायला. एकाही दगडावरचं नाव त्याने वाचलेलं नव्हतं. पण चौदा गवंडी तोंडाकडे बघत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"है ना साहेब! हम लोग संभालता है. दादा, फिर बाप, अभी मेरा भाई. हर साल चुना मारता है."

साहेबाने डोक्यावरची टोपी काढली. भर दुपारी. आणि पुढे येऊन खैरुद्दीनचा चुन्याने भरलेला हात दोन्ही हातांत धरला. आणि तसाच धरून राहिला. कागद घेऊन आलेला हारुन बाजूला उभा होता, तो हातातले कागद द्यायलाच विसरला. त्या संध्याकाळी खैरुद्दीन साइटवरून खोलीवर चालत आला नाही, तरंगत आला.

त्याच दिवशी त्याने मुनीरला पत्र लिहिलं. पत्र कसलं, हुकूमच. गोऱ्यांच्या कबरस्तानात जा, थॉमस गिलहूलीची कबर शोध, पाऊस लागायच्या आत तिला चुना मार, आणि दगडावरची अक्षरं उतरवून पाठव. मास्तर झालास त्याचा काहीतरी उपयोग कर.

मुनीरचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं. मुनीर माणूस गरीब, कधी भावाला उलटून बोलला नाही. अक्षर मोत्यासारखं. खैरुद्दीनने पत्र नेहमीसारखं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं आणि चौथ्या ओळीला मनात वाचायला लागला.

"खैरुभाय यांस मुनीरचा सलाम. आपण सांगितल्याप्रमाणे तीनदा जाऊन आलो. पंचवीस कबरी आहेत. पावसाने बहुतेकांची अक्षरं खाल्ली आहेत. हाताने चाचपूनसुद्धा नाव लागत नाही. कोपऱ्यात एक चौथरा आहे, त्याच्यावर दगडच नाही. चुन्यात नुसता त्याचा ठसा राहिला आहे. मी हाताने मोजला. अडीच हात बाय दीड हात. घरी येऊन जेवताना मांला हे सांगितलं तर तिने तोंडावर पदर घेतला. म्हणाली, मी लग्न होऊन आले त्या वर्षी मामंजींनी तिथून गाडीत घालून तो दगड आणला, नव्या सुनेला धुवायला सोय म्हणून. विहिरीवर पालथा बसवला आणि मला सांगितलं, हा कधी उलटू नकोस. मला कुठे वाचता येत होतं, मी कशाला उलटते. दुसऱ्या दिवशी चौघं जण आणून पहारी लावून उलटला. भाय, अक्षरं काल कोरल्यासारखी आहेत. त्यावर कागद ठेवून कोळशाने छाप घेतला, तो सोबत जोडला आहे. नाव तेच आहे. आजोबा तिथे सुपरिंटेंडंट नव्हते. मां सांगते, महिना तीन रुपयांवर राखणदार होते. त्या दिवसापासून मां विहिरीवर गेलेली नाही. चुना कुठे मारू, ते कळवावे."

खैरुद्दीनने पत्र घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातलं.

"काय म्हणतोय मास्तर?" हारुनने विचारलं.

"बरं आहे सगळं. पाऊस चांगला आहे."

चुना कुठे मारू, ते कळवावे. हे वाक्य त्याच्या मागेच लागलं. मुनीरने टोमणा मारला नव्हता, तो खरंच विचारत होता, आणि म्हणूनच ते जास्त लागत होतं. आजोबांनी चोरी केली ती केली, त्यांना आता कोण विचारणार. पण खैरुद्दीन गवंडी होता. जांभ्याच्या मुलखात काळा पाषाण, त्याला गोल कडा. धुण्याच्या दगडाला गोल कडा कोण घडवतं? चार दिवसांची छन्नी त्यात गेलेली असते. विशीत हाताला कसब आल्यापासून त्याला ते दिसत होतं. आपली पहिली छन्नी त्याने त्याच दगडावर घासून पाजळली होती. एकदा, फक्त एकदा, वाकून खालून हात घालून बघायचा त्याला मोह झाला होता. त्याने घातला नव्हता. कारण हात घातला असता तर मिरवायचं काय?

साहेबाने विचारलं, "खैरुद्दीन, लेटर आया?"

"बारिश है साहेब. रस्ता बंद."

सप्टेंबरात पुन्हा विचारलं, पुन्हा पाऊस. ऑक्टोबर लागला तरी खैरुद्दीनच्या कोकणात पाऊस कोसळतच होता. कोळशाचा छाप त्याच्या पेटीत तळाला, ईदच्या कपड्यांखाली. खोलीत तो कमी बोलायला लागला. हारुनने चार दिवस बघितलं आणि म्हणाला, "भाय, तब्येत बरी आहे ना? तुमच्या आजोबांनी चार दिवसांत काहीच केलं नाही."

बाकीचे हसले. खैरुद्दीनने ताटातला भात संपवला आणि उठला.

मग एका गुरुवारी साहेबाने बोलावून त्याच्या हातात नवीन पत्रक आणि एक पार्सल ठेवलं. "माय आंटी. तुम्हारी मदर के लिए." चेहऱ्यावर असा आनंद की बघवेना.

खोलीत पार्सल सोडलं. आत पांढरीशुभ्र तागाची चादर, जाड, आणि कडेने म्हातारीने स्वतः विणलेली लेस. सहाही जणांनी हात पुसून मग तिला हात लावला. पत्रक हारुनने वाचलं, इंग्रजीतून मराठी करत करत.

"शारजा येथील मिस्टर खैरुद्दीन यांचं घराणं तीन पिढ्या आमच्या थॉमसची कबर सांभाळत आहे... परमुलखातल्या, परधर्माच्या या माणसांनी दरवर्षी तिला चुना लावला... न्यूयॉर्कच्या मेळाव्यात सर्व गिलहूली त्यांच्यासाठी एक मिनिट उभे राहिले..." हारुनने मान वर केली. या वेळी त्याच्या आवाजात मस्करी नव्हती. "खैरुभाय, खरंच हो. मला वाटायचं तुम्ही नुसते फेकता. माफ करा."

खैरुद्दीनचं नाव इंग्रजीत छापून आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. हेच जर चार महिन्यांपूर्वी आलं असतं तर त्याने ते काचेत घालून भिंतीला लावलं असतं. आता ते त्याच्यासमोर पडलं होतं आणि त्याला हात लावायची त्याची हिंमत होईना.

"आणि चादर किती पांढरी!" हारुन म्हणाला. "मांला सांगा, रोज अंथरा आणि आपल्या त्या प्रसिद्ध दगडावर धुऊन काढा. एक धागा उसवायचा नाही!"

खैरुद्दीन बाहेर गेला. बाहेर वाळू आणि ऊन. तोंड लपवायला शारजात धड एक झाडसुद्धा नव्हतं.

शनिवारी सकाळी काम लावून दिलं, आणि चादर आणि छाप काखेत घेऊन तो साहेबाच्या प्लायवूडच्या ऑफिसात गेला. दार लोटून घेतलं.

"साहेब, मैं झूठ बोला."

"क्या झूठ?"

"चुना नहीं मारा. कभी नहीं मारा. मेरा दादा सुपरिटेंडंट नहीं, चौकीदार था. और पत्थर कबर पे नहीं है." त्याने काखेतला छाप हातात घेतला. "मेरे घर में है. दादा उठा के लाया. उल्टा डाल दिया. उस पे मेरी मां कपडा धोती है. चालीस साल."

खैरुद्दीनने छाप उलगडून टेबलावर ठेवला. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं. साहेबाने चष्मा चढवला आणि बोट फिरवत वाचायला लागला. थॉमस गिलहूली. शिपाई. वय एकतीस. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "क्लूनबेग," तो म्हणाला. परत म्हणाला, "क्लूनबेग." मग खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसला. क्लूनबेग त्याच्या आत्याचं गाव. जुळलं होतं सगळं. खैरुद्दीनला फक्त त्याची मान दिसत होती, लाल, घामाने भिजलेली.

खिडकीकडे बघतच त्याने विचारलं, "बाकी कबर का पत्थर कैसा है?"

"बारिश ने सब खा लिया साहेब. एक नाम नहीं पढ़ता."

"और यह?"

"यह उल्टा था. इसलिए बच गया."

बोलला आणि लगेच जीभ चावली. चोरीतसुद्धा आपण बढाईच शोधतोय असं त्याला झालं.

साहेब वळला. "तो मैं तुमको थँक्यू बोलूं?"

"नहीं साहेब."

"नहीं बोलेगा." त्याने चादरीकडे बघितलं. "यह क्यूं लाया?"

"वापस. मेरी मां का हक नहीं."

"मेरे को मत दो. जिसने भेजा उसको लिखो. तुम लिखो. हारुन नहीं. तुम्हारा नाम छपा है, तुम्हारा हाथ चाहिए." मग तो टेबलावरच्या नकाशाकडे वळला. "यल्ला. काम पे जाओ."

ते पत्र लिहायला खैरुद्दीनला तीन शुक्रवार लागले. सातवीतलं इंग्रजी. हारुन समोर बसून तांदूळ निवडायचा, पण याने त्याला एक स्पेलिंग विचारलं नाही. झालं ते एवढंच: मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझ्या आजोबाने दगड चोरला. माझी आई निरक्षर आहे, तिचा दोष नाही. दगड मी स्वतः परत लावीन. तोपर्यंत चादर कोणी वापरणार नाही.

पुढच्या पत्रकात ते जसंच्या तसं छापून आलं, चुकांसकट. मागच्या वेळी जिथे नाव आलं होतं त्याच पानावर. हारुनने ते घेतलं, मनातल्या मनात वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. तो काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं असं खैरुद्दीनला वाटलं. मुकादमकी गेली नाही. साहेब कामाचं बोलायचा, नीट बोलायचा. पण टोपी त्याने पुन्हा काढली नाही.

आत्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. दगड जागेवर लावावा. चादर परत पाठवू नये, आमच्या घरात दिलेली वस्तू परत घेत नाहीत. म्हातारीही काही कमी ताठ नव्हती.

एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत खैरुद्दीनला रजा मिळाली. तोपर्यंत मुनीरला त्याने बजावलं होतं, दगडाला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. घरी पोचला तेव्हा दगड गोणपाटाखाली भिंतीला टेकून उभा होता. आणि हव्वाबी परसात जांभ्याच्या चिऱ्यावर धूत होती. दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं, त्याची चाळण झालेली. खैरुद्दीनला नीट दिसली ती फक्त तीच एक वस्तू. पेट्या, बॅटऱ्या, कापडं उघडायचं राहूनच गेलं.

"मां, नवीन दगड आणतो दापोलीहून."

"नको," हव्वाबी म्हणाली. "माझं चाललंय."

दुसऱ्या दिवशी दगड बैलगाडीत घातला. आला तसाच परत. खैरुद्दीन गाडीत बसला नाही, बाजूने चालला. निघताना हव्वाबीने ती पांढरी चादर त्याच्या हातात दिली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"ही वर घाल."

"मां, त्यांच्यात चादर नाही घालत कबरीवर."

"त्यांच्यात नसतील घालत. चुकलोय ते आपण. आपल्या रीतीने घाल."

चौथऱ्यावरचा जुना चुना त्याने खरवडला, नवीन कालवला, सिमेंट नाही, चुनाच. मुनीर आणि गाडीवान धरायला होते, पण ओळंबा, थापी, सगळं त्याच्याच हातात. दगड ठशात बसला तेव्हा सुतभर फट राहिली नाही. बसवायच्या आधी पालथ्या बाजूवरून त्याचा हात फिरला होता. आरशासारखी गुळगुळीत. मांच्या चाळीस वर्षांच्या धुण्याने घासलेली. ती आता कायमची खाली गेली.

चादर घालत असताना रस्त्यावरून खोतांचा म्हातारा कारकून सायकल रेटत चालला होता. थांबला.

"खैरू ना रे तू? शारजाहून कधी आलास? आणि हे काय, कबर बांधतोस? कोणाची?"

"थॉमस म्हणून एक शिपाई होता, त्याची."

म्हाताऱ्याने चादरीची कड उचलून बघितलं. "वा! दगड काय झकास आहे! कुठून आणलास? मुंबईहून?"

मुनीरने मान खाली घातली. खैरुद्दीनला हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मुंबईहून, बेळगावहून, शारजाहून बोटीने, काहीही चाललं असतं, म्हाताऱ्याने मान डोलावली असती आणि गावभर खैरूचं नाव केलं असतं.

"आमच्या विहिरीवरचा," तो म्हणाला.

"अरे, तो तुमचा धुण्याचा? एवढा चांगला घरचा दगड इथे आणून टाकलास?"

"घरचा नव्हता. आजोबांनी इथूनच चोरला होता."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला, मग मुनीरकडे. त्याने सायकल वळवली आणि गावाच्या बाजूला निघाला, आधीपेक्षा बराच भरभर.

"भाय," मुनीर हळू आवाजात म्हणाला, "संध्याकाळच्या आत सगळीकडे होईल."

"होऊ दे."

वारा सुटला होता, चादर उचलत होती. खैरुद्दीनने कुंपणाजवळचे चार जांभ्याचे तुकडे आणून चार कोपऱ्यांवर ठेवले आणि थापी धुवायला ओहोळावर गेला.